नऊ वर्षांचे कान

विश्वंभर जोगळेकर नावाचे एक वृद्ध संगणकतज्ज्ञ होते. दृष्टिहीनांना मराठी मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी उभारला होता. तो कोणीही विनामूल्य वापरावा, कोणीही त्यात सुधारणा करावी, अशी व्यवस्था होती. गावोगावची तीसेक माणसे आपापल्या सवडीने त्यात भर घालत.

त्यांची शिष्या ऋजुता बुद्धीने तल्लख होती. एकदा तिच्यासमोर वेंगुर्ल्याच्या दत्ताराम पेडणेकरांनी पाठवलेली दुरुस्ती आली. पेडणेकर टपाल खात्यातून निवृत्त झालेले. प्रोग्रामिंग स्वतःच शिकलेले. त्यांच्या एका चुकीने सगळा प्रोग्राम बंद पडत होता. ऋजुताने घटकाभरात दोष काढला आणि सर्वांना दिसणाऱ्या चर्चेच्या पानावर लिहिले, ''हा निव्वळ कचरा आहे. ज्यांना येत नाही, त्यांनी यात हात घालू नये.''

दुसऱ्या दिवशी पेडणेकरांची एकच ओळ आली : ''क्षमस्व. यापुढे त्रास देणार नाही.''

विश्वंभररावांनी दोन्ही वाचले. त्यांनी ऋजुताची दुरुस्ती स्वीकारली, पेडणेकरांना स्वतः फोन केला. तिला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त चाळीस शब्दांची एक यादी तिच्या हाती दिली आणि म्हणाले, ''यांचे उच्चार तपासायचे आहेत. जे हा प्रोग्राम वापरतात, त्यांना ऐकवून.''

''एवढेच? मी दोन दिवसांत देते.''

तीन आठवडे लागले. चहातला 'च' आणि चाकातला 'च' लिहायला एकच, उच्चारायला निराळे. असे किती शब्द निघाले. ती एकेकाला फोन करी. कोणी घाईत असे, कोणी तेच वाक्य पाच वेळा ऐकून मग मान्य करी. अंधशाळेतल्या कुमुदिनीबाई पाठक तिला म्हणाल्या, ''तुम्ही नवीन दिसता. दर गुरुवारी पेडणेकर फोन करायचे. बरे आहेत ना ते?''



त्याच संध्याकाळी ऋजुता विश्वंभररावांकडे गेली. ''हे सगळे पेडणेकर करत होते, हे मला ठाऊक नव्हते. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?''

''चारचौघांत बोललो असतो, तर तू केलेस तेच मी केले असते,'' विश्वंभरराव म्हणाले. ''एकांतात बोललो असतो, तर माझ्या समाधानासाठी तू क्षमा मागितली असतीस. आपण ती कशाची मागतो आहोत, हे तुला कळले नसते. चुकीला तू चूक म्हटलेस, यात गैर काही नव्हते. पण तू तिथे थांबली नाहीस, माणसापर्यंत गेलीस. आपल्याकडे कोणाला पगाराने बांधलेले नाही. मनाने आलेला माणूस मन मोडले की निघून जातो. प्रोग्राममधला दोष तू घटकाभरात काढलास. नऊ वर्षे ऐकून त्यांनी जे कान कमावले, ते तू कितीशा वेळात लिहून देशील?''

मग जिथे अपमान केला होता त्याच पानावर, सर्वांना दिसेल असे, ऋजुताने आपल्या नावाने लिहिले : आपण काय बोललो, ते का चुकीचे होते, आणि पेडणेकरांची मूळ दुरुस्ती कोणत्या एका ओळीने बिघडली होती. खाली तिने तपासलेल्या उच्चारांची आपली यादी जोडली.

आठ दिवस पेडणेकरांकडून काही आले नाही. तिने स्मरणपत्र पाठवले नाही. तो अधिकार आपला नाही, हे तिला उमगले होते.

नवव्या दिवशी पेडणेकरांचे पत्र आले. ''आपल्या यादीतले उच्चार ऐकले. मेहनत घेतली आहे. सात शब्दांविषयी मला शंका आहे. सवड असेल तेव्हा बोलू.''

सातही शब्द आपले बरोबर आहेत, असे ऋजुताला वाटत होते. उत्तर लिहायला तिने बोटे कळफलकावर ठेवली, मग काढून घेतली आणि फोन लावला.

''नमस्कार, पेडणेकरकाका. मी ऋजुता. पहिला शब्द कोणता? तुम्ही म्हणून दाखवा, मी ऐकते.''