डांबराच्या रंगाची सरडी

जंगलाला हात लावलेला नाही, असं कोणीतरी साफ खोटं सांगितलं आहे. मुलांनो, कोणी ते मी विचारत बसत नाही. जंगलातून जाणारा रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची बरीचशी झाडं राहिली, हे कबूल. पण रस्त्याच्या वर एकमेकींत गुंतलेल्या त्यांच्या फांद्या विजेच्या तारांना अडतात म्हणून छाटून टाकल्या. त्या फांद्यांवरून कोण ये-जा करत होतं, ते कोणी पाहिलंच नाही.

शहराच्या मधोमध उरलेल्या त्या जंगलात रंग बदलणारी एक सरडी राहत असे. ती फार सावकाश चालायची. पाय उचलायचा, वाऱ्यावर पान डुलावं तसं पुढं-मागं डुलायचं आणि मग कुठं तो पाय टेकवायचा. तिच्या आईनं तिला एकच गोष्ट शिकवली होती : भीती वाटली की थांबायचं, आणि आजूबाजूला जो रंग असेल तो घ्यायचा. त्या वर्षी सरडीच्या पोटात अंडी होती. अंडी पुरायला मऊ माती लागते, आणि तिच्या बाजूच्या मातीवर माणसांना फिरायला बरं म्हणून सिमेंटचे ठोकळे बसवले होते. उकरून उकरून तिची नखं झिजली. मोकळी माती उरली होती ती रस्त्यापलीकडं. शेजारच्या बुलबुलानं तिला परोपरीनं समजावलं, की जरा धीर धर, फांद्या पुन्हा वाढतील, मग वरूनच जा.

“फांद्या सावकाश वाढतील रे, पण पोट थांबत नाही,” असं म्हणून सरडी खोडावरून खाली उतरली.

दुपारची वेळ होती, रस्ता जरा मोकळा होता. सरडी डुलत डुलत अर्ध्यावर पोचली, तोच वळणावरून स्कूटर आली. सरडी घाबरली आणि आईनं शिकवलं होतं तेच तिनं केलं. ती जागच्या जागी थांबली आणि डांबरासारखी काळी झाली. पानांत ज्या युक्तीनं ती आजवर वाचली होती, त्याच युक्तीनं आता गाडी थांबवू शकणाऱ्या माणसालाही ती दिसेनाशी झाली.

“अगं, इथं लपू नकोस,” बुलबुल तिच्या डोक्यावर घिरट्या घालत म्हणाला. “हिरवी हो, पिवळी हो, पण त्यांना दिस.”

सरडीला ते फार जड गेलं. उघड्यावर दिसणं म्हणजे मरणं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण पोटातल्या पिल्लांसाठी तिनं डोळे घट्ट मिटले, आणि ती कोवळ्या पानासारखी हिरवीगार झाली.

स्कूटर करकचून थांबली. चालवणारी बाई खाली उतरली. मागं बसलेल्या तिच्या सासूबाई बजावू लागल्या, की हात लावू नकोस, विषारी असते ती.

“विषारी कसली, आई? पोट बघा तिचं,” बाई ओढणी हाताला गुंडाळत म्हणाली. “दिवस भरलेत.”

सासूबाईंनी वाकून बघितलं. मग स्वतःच उतरल्या आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत रस्त्यात उभ्या राहिल्या. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तर त्यालाही त्यांनी दटावलं. बाईनं सरडीला अलगद उचलून पलीकडं शिरीषाच्या झाडाखाली सोडलं. संध्याकाळपर्यंत सरडीनं खड्डा उकरला, अंडी घातली आणि वरून माती अशी सारखी केली, की जणू तिथं कोणी आलंच नव्हतं.

तात्पर्य : तोडलेली वाट एखाद्याच्या दयेनं एकदा पार होते, पण जंगल जिवंत ठेवायचं, तर ती वाट पुन्हा जोडावीच लागते. हे मी सांगतोय, पण रस्त्याच्या कडेला बसून सगळं बघणारा एक बेडूक त्याआधीच बुलबुलाला विचारत होता, “त्या बाई उद्याही येतील का रे? मला पलीकडच्या डबक्यावर जायचंय.”