दिवे न जोडलेली बॅटरी

माझ्या बायकोचे, शरयूचे शब्द मला नेमके आठवतात, की मीच ते मनात घोळवून नीट केले आहेत, कोण जाणे.

तिचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालला होता आणि लाइट तर सारखी जायची. इन्व्हर्टर-बॅटरी कुठली घ्यावी, हे माहितीपत्रकं वाचूनही मला ठरवता येईना. शेवटी दुकानदार रेडीजशेठ स्वतः घर बघायला आले.

"प्रोफेसर, वाचून बॅटरी कळत नसते," ते म्हणाले. "सगळ्यात मोठी घ्या. दिवे, पंखे, टीव्ही, सगळं चालेल. लाइट गेलेली कळणारसुद्धा नाही!"

पलंगावरून शरयू म्हणाली, "मग हे पुस्तकातून उठणार कधी, शेठ?"

शेठ तिच्याकडे वळले.

"अंधार झाला की हे माझ्याजवळ येऊन बसतात, बोलतात. तेवढंही बंद करता का? छोटी द्या. माझं मशीन चालू दे, दिवे जोडू नका."

शेठ छोटी बॅटरी बसवून गेले.

पुढं लाइट रोज संध्याकाळी जाऊ लागली. मी तिचा हात धरून बसायचो. समोरच्या घरांत उजेड दिसल्यासारखा वाटे, पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. दिवाळीआधी शरयू गेली.

बऱ्याच वर्षांनी मी शेजारच्या कुंदाला विचारलं, "तेव्हा तुमच्याकडेही रोज लाइट जायची ना गं?"

"नाही, काका," ती खाली बघत म्हणाली. "मी संध्याकाळी यायचे ना, तेव्हा काकू मला तुमचा मेन स्विच पाडायला सांगायच्या."