जनूने सरबत मोजलं

कोकणातल्या एका गावात जनू राहायचा. मनाने सोनं, पण भोळा. इतका भोळा, की "जरा बसा, आलेच" म्हणून कुणी गेलं, तर ते येईपर्यंत जेवायलाही उठायचा नाही.

त्याच्या कुंदावहिनीचा आमसुलाच्या सरबताचा छोटासा कारखाना होता. एक टाकी, एक नळ, एक पाइप. शहरातले हॉटेलवाले नार्वेकर शेठ सरबत पिऊन खूश झाले. म्हणाले, "यंत्राने मोजून द्याल, तर कायमचं तुमच्याकडूनच घेईन. उद्या येतो."

वहिनींनी लगेच मीटर मागवला. सरबत वाहिलं की मीटरमधलं चक्र फिरणार. चक्र फिरलं की वायरीतून ठोके जाणार. एक पेटी ते ठोके मोजणार आणि कॉम्प्युटरवर लिटरचा आकडा दिसणार. जोडायचं काम जनूने हट्टाने मागून घेतलं. यंत्रवाले परुळेकर फोनवरून सांगायला लागले.

"जनूभाऊ, काळी वायर ग्राउंडला जोडा."

"जोडतो."

जनू वायर घेऊन शाळेच्या ग्राउंडवर गेला. खो-खोच्या खांबाला तिची पक्की गाठ मारली. हेडमास्तर बघत राहिले. वहिनी धावत आल्या.

"अहो भाऊजी, हे काय?"

"ग्राउंडला जोडली."

"अहो, ग्राउंड त्या पेटीवर लिहिलंय! तिथे स्क्रू आहे. वायर सोलायची, आतलं उघडं करायचं आणि मग जोडायचं."

"असं होय! आता तसंच करतो."

वायरी वहिनींनीच जोडल्या. मग परुळेकर म्हणाले, "आता मीटर पाइपात जोडा."

जोडायचं म्हणजे आधी सोलायचं. जनूने कोयती घेतली आणि मीटर सोलला. झाकण निघालं, चक्र टुणकन उडालं आणि कोंबडीच्या पुढ्यात पडलं. कोंबडीने दोनदा चोच मारून सोडून दिलं.

"वहिनी, आतलं उघडं केलं!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. चक्र धुऊन आत बसवलं, झाकण लावलं. "भाऊजी, मीटर उघडायचा नसतो. तो घट्ट बंद हवा. वरून प्लास्टिक गुंडाळा. थेंब आत जाता कामा नये."

"असं होय! आता तसंच करतो."

जनूने प्लास्टिक गुंडाळलं. झाकणावर गुंडाळलं आणि मीटरच्या दोन्ही तोंडांवरही गुंडाळलं. थेंब आत जाता कामा नये ना! मग मीटर पाइपात बसवला आणि नळ सोडला. पाइप फुगला. आणखी फुगला. मग फाटकन सुटला, आणि वहिनींचं पांढरं लुगडं जांभळं झालं.

"अहो, तोंडं मोकळी ठेवायची!" वहिनी निथळत ओरडल्या.

"असं होय! आता तसंच करतो."

वहिनींनी प्लास्टिक काढलं, पाइप पुन्हा बसवला आणि लुगडं बदलायला आत गेल्या. जनूने सगळ्यांची तोंडं मोकळी केली. डब्यांची केली, बरण्यांची केली, नळाचं तर पूर्णच केलं. वहिनी परत आल्या तेव्हा अर्धी टाकी अंगणात वाहिली होती आणि अळूच्या पानांखाली कोंबड्या सरबत पीत होत्या.

वहिनी मटकन पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, शेठ येतायत हो. हे गिऱ्हाईक हातचं गेलं तर कारखाना बंद करावा लागेल. आता मोजल्याशिवाय एक थेंब सोडू नका."

जनूला फार वाईट वाटलं. त्याने मनाशी ठरवलं, आता चूक नाही. आधी मोजायचं, मग सोडायचं. त्याने नळ घट्ट बंद केला.

तेवढ्यात शेठ पन्नास लिटर सरबत न्यायला आले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. परुळेकरांचाही फोन आला. "पेटीत ठोके येतायत का?"

"नाही."

"ठोके यायलाच हवेत! त्याशिवाय मोजणार कसं?"

"देतो," म्हणून जनूने लाकडी हातोडा उचलला आणि मीटरला ठोके द्यायला लागला. ठक, ठक, ठक! दर ठोक्याला आतलं चक्र हलायचं. पेटीही जनूसारखीच भोळी. तिला वाटलं, सरबत आलं. कॉम्प्युटरवर आकडा पळायला लागला.

"वा!" शेठ आकड्याकडे बघत म्हणाले. "काय झपाट्याने भरतंय!"

जनूला घाम फुटला, पण तो थांबला नाही. पन्नास लिटर झाले तेव्हा हातोडा खाली ठेवून म्हणाला, "झालं, शेठ. तुमचं सगळं मोजून झालं."

शेठनी पाइपाखालचा डबा उचलला. तो वाऱ्यासारखा हलका. "अहो, यात तर काहीच नाही! सरबत कुठाय?"

"आहे की. पाइपात."

शेठ वाकले आणि पाइपाच्या तोंडाला डोळा लावून बघायला लागले. मोजून तर झालं होतं. जनूने नळ पूर्ण सोडला.

टोपीपासून बुटापर्यंत शेठ जांभळे झाले. ओरडायला तोंड उघडलं, तर तेही भरलं. ते हात हलवत मागे सरकायला लागले, तसा जनूने त्यांचा खांदा धरला.

"हलू नका शेठ," तो म्हणाला, "माप चुकेल."