देवळीचा घोडा

गुरुजी त्या दिवशी खरोखर एवढे बोलले होते का, की त्यातले काही शब्द मागाहून आपल्याच मनाने घातले, याची शिष्याला म्हातारपणी खात्री उरली नव्हती. दिवस मात्र दसऱ्याचा होता.

सीमोल्लंघनात सर्वांपुढे घोडा नेण्याचा मान शिष्याच्या घराण्याचा. त्या वर्षी तो प्रथमच त्याच्याकडे आला होता. त्याने आदराने वृद्ध गुरुजींना घोड्यावर बसवले आणि लगाम स्वतः धरला.

“हा मान कशाबद्दल रे?” गुरुजींनी विचारले.

“आमचे पणजोबा दोन भावांच्या गादीच्या लढाईत बारगीर म्हणून गेले, सरकारी घोड्यावर. परतले ते शिलेदार होऊन, स्वतःच्या घोड्यावर! नदीपलीकडच्या देवळीच्या शिलेदाराचा घोडा पाडाव करून आणला.”

“केव्हा?”

“अगदी शेवटी. तहाची नौबत झडली तेव्हा.”

“नौबत आधी, की घोडा आधी?”

शिष्य हसला. “नौबत आधी, गुरुजी! ती ऐकूनच तर तो गाफील राहिला. पणजोबा कसले वस्ताद!”

मागून येणारे भाऊबंदही हसले.

गुरुजी खाली उतरले, वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागले.

“खोगीर टोचलं वाटतं बुवांना!” चुलते म्हणाले.

गुरुजी शिष्याकडे वळले. “बाळ, लढाईत घेतला तो घोडा पाडाव. तहानंतर घेतला, तर त्याला दुसरा शब्द आहे. सणाच्या दिवशी तो मी उच्चारत नाही. नौबत झडली तेव्हा शत्रू संपला होता. समोर उरला होता घरी निघालेला शेजारी. तुझे पणजोबा घोड्यावरून आले, तेव्हा तो पायी गेला असेल. त्याच्या वाटणीची चार पावले मी चालतो.”

शिष्याचा चेहरा तापला. इतकी वर्षे ही गोष्ट तो हसत सांगत आला होता.

“अरे, बस वर!” चुलते ओरडले. “रिकामा घोडा वेशीबाहेर गेला तर मान जाईल!”

त्याने रिकिबीत पाय घातला, आणि काढून घेतला. वहाणा हातात घेऊन तो गुरुजींच्या मागे चालू लागला. पुढच्या वर्षी मान दुसऱ्या घरी गेला.

पुष्कळ वर्षांनी, गुरुजी गेल्यानंतर, तो नदी ओलांडून देवळीला गेला आणि त्या शिलेदाराच्या घरी विचारून आला. गुरुजींचा अंदाज फार दयाळू होता. तो शिलेदार पायीही घरी पोचला नव्हता.