नौबत वाजताना बसून राहिलेला राजा

एका राज्यात त्रिभुवनातला सर्वांत शूर राजा नांदत होता. त्रिभुवन म्हणजे जरा जास्तच झालं, त्यातून समुद्र वगळावा. नदीही वगळा. खरं सांगायचं तर गुडघाभर पाण्याच्या पुढं त्याच्या शौर्याला वाट ठाऊक नव्हती. स्नानसुद्धा तो दाराकडं तोंड करून करी, घंगाळातलं पाणी अंगावर आलंच तर पळता यावं म्हणून. पण घोड्यावर मांड ठोकली की शत्रूचे हत्ती शेपटी घालून माघारी फिरत, हेही खोटं नाही. त्याचं नाव तुरंगसेन.

राज्य समुद्रकाठी आणि राजघराणं घोड्यांचं, असा विधात्याचा विनोद होता. पूर्वज घोडे उधळत आले आणि पुढं जमीन संपली म्हणून थांबले. भाटांनी त्याला दिग्विजय म्हटलं. या घराण्याच्या दोन रीती. एक अशी, की किल्ल्यावरची नौबत झडली की राजवंशातल्या जिवानं उठून उभं राहावं. घास तोंडात असला तरी उभं, पाळण्यातलं मूल असलं तर दाईनं काखेत धरून उभं. एक पणजोबा प्राण सोडता सोडता नौबत ऐकून उठले, ती थांबेपर्यंत तिष्ठले आणि मगच निवांत मेले. दुसरी रीत अशी, की वर्षाकाठी होड्या लोटण्याआधी घराण्यातल्या थोरल्यानं फुटत्या लाटांपलीकडं जाऊन आपल्या हातानं समुद्राला नारळ द्यावा.

तुरंगसेन गादीवर आला आणि त्याच वर्षी नारळाच्या दिवशी त्याला ताप भरला. राजवैद्यांनी थंडगार मनगट हाती घेतलं, डोळे मिटले आणि ज्वर दारुण आहे असं सांगितलं. वैद्यबुवांना दरबारातच म्हातारं व्हायचं होतं. प्रधानानं मान हलवली, पुरोहितानं अंगारा लावला. मग धाकटा भाऊ मकरंद आला. त्यानं थोरल्याच्या कपाळावर हात ठेवला, अंमळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला.

"दादा, तू पड. नारळ मी नेतो," एवढंच तो म्हणाला.

तो गेला. लाटांपलीकडं पोचला. तेव्हा पाण्यातून सागरजोगीण वर आली, तिचे केस पार किनाऱ्यापर्यंत पसरले. थोरल्याचा नारळ धाकट्याच्या हातून आला, हा तिला अपमान वाटला. तिनं मकरंदाचा खडक केला. त्याचा श्वास काढून एका तांबोशी माशाच्या पोटात ठेवला आणि राज्याच्या जाळ्यांतून सगळी मासळी पळवून नेली. किनाऱ्यावर उभ्या कोळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली:

"थोरल्यानं यावं. दुसरा बसूच शकणार नाही अशा होडीतून, एकट्यानं. आपण होऊन पाण्यात पडावं आणि परत चढावं. फुटत्या लाटा ओलांडाव्या. तांबोशी गळाला लावून भावाचा श्वास भावाला द्यावा. तोवर हा इथंच राहील."

थोरल्यानं काय केलं? सेनापती धाडला, मांत्रिक धाडले, पाणबुडे धाडले. स्वतःखेरीज ज्याला ज्याला धाडता येत होतं त्याला धाडलं. खडक हलला नाही. मग त्यानं राजवाड्याच्या समुद्राकडल्या खिडक्या चिणून घेतल्या, खारा वारा तब्येतीला मानवत नाही म्हणून. आणि जेवताना कधी हात थांबलाच तर राणीला सांगे, की मकरंद लहानपणापासून पाण्यातलाच जीव, त्याला समुद्राचं भय कधी नव्हतंच, त्याला तिथं करमत असेल. राणी ताटाकडं बघत राही.

वर्षं गेली. राज्याचं पीठ-मीठ कसंबसं चालत राहिलं. कोळी नांगर धरायला शिकले आणि बैल त्यांना हसायला शिकले. होड्यांमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एके सकाळी भर दरबारात एक म्हातारा पाणकावळा उडत आला आणि राजाच्या छत्रावर बसून त्यानं ओले पंख वाळत घातले. थेंब राजाच्या नाकावर पडू लागले.

"महाराज, तुमच्या भावाचा कान गेला," पाणकावळा म्हणाला.

पक्षी बोलतो याचं कुणाला नवल नव्हतं. दरबारात त्याहून कमी अकलेचे जीव रोज बोलत. पाणकावळ्यानं सांगितलं की समुद्र खडक खातो आहे. कान झिजून गेला, गाल गुळगुळीत झाला, आता मानेशी आला आहे. येत्या पुनवेचं उधाण ती मान घेऊन जाईल. मग श्वास परत आणला तरी ठेवायचा कुठं?

राजानं नाकावरचे थेंब पुसले. मग त्यानं विचारलं, "मला जमेल?"

"नाही," पाणकावळा म्हणाला. "पण शिकवता येईल."

पुरोहितानं मुहूर्त पाहायला पंचांग उघडलं. पाणकावळ्यानं वरून त्यावर आपलं मत नोंदवलं, तेव्हा मुहूर्ताचं पान वाचण्याजोगं उरलं नाही, आणि काम त्याच दिवशी सुरू झालं.

आंब्याचं एक खोड कोरून डोणी केली. अरुंद आणि हलकी, एका माणसाच्या बुडापुरती. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं असलेलं. राजा किनाऱ्यावर आला तो चिलखत घालून. पाणकावळ्यानं विचारलं, बुडायची इतकी घाई का? चिलखत उतरलं. मग राजानं मुकुटही उतरवला, आणि कोळणींना पहिल्यांदा कळलं की महाराजांना टक्कल आहे. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिच्या घरात कित्येक वर्षं मासळी शिजली नव्हती.

पहिलं काम पडण्याचं. कमरेइतक्या पाण्यात डोणी उभी, तीत राजा बसलेला, दोन्ही काठ असे गच्च धरलेले की बोटं पांढरी पडली. आपण होऊन पड, असं पाणकावळा सांगे. राजा म्हणे, पडतो. आणि बसून राही. सकाळची दुपार झाली. भरती आली, ओहोटी लागली. शेवटी पाणकावळ्यानं विचारलं, ताप तर नाही ना आला महाराज?

राजा पडला. खारं पाणी नाकात गेलं, तो खोकला, ओरडला, कमरेइतक्या पाण्यात बुडालो बुडालो म्हणून प्रधानाला हाक मारली. प्रधान कोरड्या वाळूवरून म्हणाला, आम्ही पाठीशी आहोत. मग पाणकावळ्यानं चढण्याची युक्ती सांगितली. आधी पोट डोणीवर आडवं टाकायचं, पाय बेडकासारखे मारायचे, मग कूस बदलून बूड खाली आणायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. राजा घाईनं आधी पाय टाकी आणि दुसऱ्या बाजूनं पाण्यात जाई. पण उन्हं उतरता उतरता एकदाचा चढला. कोळी ओरडले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं दुसऱ्याला एवढंच म्हटलं, की इतकंच होतं तर.

ते राजाच्या कानी गेलं.

दुसरं काम लाटांचं. लाटेकडं नाक कर, कूस देऊ नकोस, असं पाणकावळ्यानं बजावलं. राजानं पहिल्या लाटेला कूस दिली, कारण डोळे मिटले होते. समुद्रानं त्याला वाळूत आणून टाकलं, ओल्या धोतरासारखं. पुन्हा गेला, पुन्हा आला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बुजऱ्या घोड्याचं तोंड जसं भयाकडं वळवायचं, तसंच हे आहे. त्यानं डोळे उघडे ठेवले. डोणीनं नाक वर केलं, लाट पोटाखालून गेली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुढं पाणी संथ होतं.

"याच्यापुढं मी येणार नाही," पाणकावळा वरून म्हणाला. "एकट्यानं जायचं आहे. गमवायचं नसेल ते डोणीला बांधून ठेव."

राजानं वल्हं बांधलं. गळाची दोरी बांधली. बांधता बांधता त्याच्या मनात आलं की हे इतकं सोपं सांगणं आपल्याला फार उशिरा मिळालं.

तो खडकापाशी पोचला. वाटेत त्याला मागं वळून पाहावंसं वाटलं, आणि राजवाडा इतका जवळ दिसला की गच्चीवर वाळत घातलेल्या राणीच्या शालूचा रंगही ओळखू आला. खडकाकडं मात्र पाहवेना. त्यानं पाठ करून कोळंबी गळाला लावली, दोरी तळाला टेकू दिली आणि हातभर वर उचलून धरली, जसं शिकवलं होतं तसं. डोणी डुले. राजाचा जीवही डुले. मग प्रवाहानंच डोणी हळूहळू फिरवली आणि राजाला पाहावं लागलं.

किनाऱ्याकडला गाल मकरंदाचा होता. समुद्राकडली बाजू गोट्यासारखी गुळगुळीत होती, तिथं कान नव्हता. मान पोखरून मनगटाएवढी झाली होती. ओंजळ मात्र तशीच पुढं धरलेली होती, नारळ देताना धरतात तशी.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. तांबोशी लागली होती. डोणी ओढली जाऊ लागली. किल्ल्यावरच्या नगारचीनं हे पाहिलं आणि आनंदानं भान हरपून त्यानं विजयाची नौबत झोडली.

आणि तुरंगसेन उठून उभा राहिला.

दुसरं काय करणार? त्याच्या आधीच्या साऱ्या पिढ्या त्याच्या गुडघ्यांत बसल्या होत्या. डोणीत उभं राहायचं नसतं हे पोरासोरांना कळतं, पण त्या घराण्यात नौबतीपुढं शहाणपण चालत नसे. डोणीनं कूस पालटली आणि त्रिभुवनातला शूर राजा डोक्यावरून पाण्यात गेला.

आत हिरवं होतं. शांत होतं. ज्याला तो इतकी वर्षं भ्याला ते हे होतं. यासाठी भाऊ दिला, असं त्याच्या मनात आलं, आणि तो विचार पाण्याहून खारट होता.

तो वर आला. दोरी डोणीला बांधलेली होती, म्हणून तांबोशी गेली नव्हती. त्यानं पोट टाकलं, पाय मारले, कूस बदलली, बसला. नौबत वाजतच होती. नगारची आता दोन्ही हातांनी सुटला होता. राजाचे गुडघे आपोआप उचलले जाऊ लागले. त्यानं तळहातांनी ते खाली दाबून धरले आणि नौबत वाजत असताना बसून राहिला. किल्ल्यावर रीत मोडलेली पाहून पुरोहितानं कानांवर हात ठेवले.

मग त्यानं दोरी ओढली. बोटं कापली, तरी ओढली. लालजर्द तांबोशी वर आली. त्यानं तिचं तोंड खडकाच्या ओठांशी नेलं. श्वास इकडून तिकडं गेला. तांबोशीनं गळ टाकला आणि ती पाण्यात उतरली.

खडकाला घाम आला, मग ऊब आली, आणि मकरंद पाण्यात कोसळला. राजानं त्याला धरलं. पण डोणी एकट्याची. तेव्हा राजा खाली उतरला, भावाला चढवून आत बसवलं आणि स्वतः मागचा काठ धरून बेडकासारखे पाय मारू लागला.

शाप सुटला. सागरजोगिणीचे केस किनाऱ्यावरून ओढले गेले आणि दिसेनासे झाले. डोणीच्या दोन्ही अंगांनी मासळीचे थवे किनाऱ्याकडं निघाले, पाणी रुप्यासारखं चमकलं. कोळ्यांनी होड्यांतून कोंबड्या हुसकल्या. प्रधान वाळूवर उभा राहून ही मसलत मुळात कुणाची, ते लोकांना समजावू लागला. राज्य ठिकाणावर आलं.

मकरंद किनाऱ्याकडं पाहत बसला होता. त्याचा उरलेला कान मागं राजाकडं लागला होता.

"ताप नव्हता मला," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे."

राजानं काठावरचा हात बदलला. मग म्हणाला, "पाण्याला फार भीत होतो रे. वल्हं कसं धरतात तेही येत नव्हतं. तुझं बरं होतं. तुला सगळं येत होतं."

मकरंदानं मागं वळून पाहिलं.

"मला तरी कुठं येत होतं, दादा?"