निसटलेल्या माशाचे माप

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. गावाला त्यांचा हातगुण ठाऊक होता आणि त्यांचा छंदही. सकाळचे रोगी आटोपले, की वैद्यबुवा गळाची काठी खांद्यावर टाकून डोहाकडे निघत. मागोमाग करवंटीत गांडुळे घेऊन त्यांचा शिष्य. मासा लागलाच तर वैद्यबुवा त्याला अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडत. गाव म्हणे, म्हाताऱ्याला वेड लागले. गावाचे काय, गळ टाकून बसलेला प्रत्येक माणूस गावाला रिकामटेकडाच वाटतो.

एक गोष्ट मात्र शिष्यालाही उलगडत नसे. एखादा मासा ऐन काठाशी येऊन निसटला, की वैद्यबुवा दोन्ही हात काखेत दाबून धरत आणि तसेच घरापर्यंत चालत जात. काठी, करवंटी, सगळे शिष्याने उचलायचे. त्याने एकदा कारण विचारले.

"हे हात मला घरी न्यायचेत, म्हणून," वैद्यबुवा म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

त्याच गावात एक कापडव्यापारी होता. मापाला इतका चोख, की त्याच्याकडून आणलेले कापड घरी पुन्हा मोजणे म्हणजे त्याचा अपमान समजला जाई. त्यालाही गळाचा नाद होता. एका दुपारी डोहात त्याच्या गळाला काहीतरी लागले. काठी वाकली, दोरी ताणली आणि तुटली. घडले ते एवढेच.

संध्याकाळी पारावर कोणीतरी विचारले, "शेटजी, केवढा होता हो?"

शेटजींनी डावा हात पुढे केला, उजव्या हाताचे बोट मनगटावर टेकवले आणि म्हणाले, "इथपर्यंत."

लोक सरसावून बसले. ऐकणारे सरसावले, की सांगणाऱ्याला जोर चढतो. जत्रेच्या दिवसांत बोट कोपरावर गेले. दिवाळीपर्यंत ते खांद्यावर पोचले. सुटलेला मासा वाढतच जातो, ही थट्टा जुनीच आहे, आणि वाचणाऱ्याला इथे हसू आले असेल तर त्यात त्याची चूक नाही. शेटजींना मात्र हसू येत नव्हते.

कारण मनगटाचे माप दिले, तेव्हापासून त्यांचा पंजा गार पडला होता. कोपराचे माप दिले आणि गारवा कोपरापर्यंत चढला. आता सबंध डावा हात गार होता. कोरडी बाही घातली तरी थोड्या वेळात ओली होई. हाताला शेवाळाचा वास येई. पेठेतली मांजरे त्यांच्या मागे लागत आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्या एका हाताकडे टक लावून बघत राहत. हाकलली तरी परत येत.

शेवटी शेटजी वैद्यांकडे आले. शिष्याने कढत तेल चोळले, तर ते कातडीत न मुरता थेंब थेंब ओघळून गेले. वैद्यबुवांनी बराच वेळ नाडी पाहिली आणि विचारले, "मासा केवढा होता?"

"इथपर्यंत," म्हणत शेटजींनी सवयीने खांद्यावर बोट ठेवले.

"मग आता पुढे सांगू नका. शेटजी, तुमचा हात संपला."

औषध काहीच दिले नाही. म्हातारा चळला, असे म्हणत शेटजी घरी गेले.

काही दिवसांनी त्यांच्या ओसरीवर परगावचे व्यापारी जमले. माशाची गोष्ट निघाली. खांद्याचे माप ऐकून एक पाहुणा हसत म्हणाला, "एवढे तर आमच्याकडे पोरं धरतात." सगळे हसले. शेटजींना ते झोंबले. पण खांद्याच्या पुढे दाखवायला हात उरला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. दारात त्यांची धाकटी लेक मथू पाहुण्यांसाठी तांब्या घेऊन उभी होती.

"ही आमची मथू दिसते ना? हिच्याएवढा होता."

मथूच्या हातून तांब्या पडला. पाणी तिच्या पायांवरून वाहिले, पण ती खाली बघेना.

तिन्हीसांजेपर्यंत पोर नखशिखांत गार पडली. केस कितीही पुसले तरी ओलेच. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. तोंड उघडत होते, मिटत होते, आणि आवाज मात्र नव्हता. खाटेवर कशीही निजवली तरी ती वळून तोंड नदीकडे करी. मांजरे आता ओसरीवर येऊन बसली होती.

शेटजी तिला उचलून वैद्यांकडे धावले. इतके दिवस बाळगलेला रुबाब वाटेतच गळून गेला होता. "वैद्यबुवा, पोर जातेय हो माझी," एवढेच ते बोलू शकले.

वैद्यबुवांनी औषधाच्या पेटीकडे पाहिलेही नाही. "हिला पारावर घेऊन चला," ते म्हणाले, "आणि ज्यांना ज्यांना माप दाखवलंत, त्यांना बोलवा."

शिष्याला हे काही केल्या समजेना. मरणाच्या दारातल्या पोरीला कोणी चव्हाट्यावर नेते? पण तो घरोघर सांगत सुटला. लोक जमले, परगावचे पाहुणेही आले. सगळ्यांदेखत वैद्यबुवांनी विचारले, "शेटजी, मासा केवढा होता?"

"खांद्याएवढा," शेटजी म्हणाले. मथूची पापणी एकदा लवली.

"केवढा होता?"

"कोपराएवढा." तिचे तोंड मिटले.

"केवढा?"

"मनगटाएवढा. नाही, बोटाएवढा असेल." पण पाय गारच होते, केस ओलेच होते.

"अजून पुढ्यातलं कापड मोजत नाही तुम्ही," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

शेटजींनी भोवती पाहिले. ही सगळी माणसे त्यांच्या शब्दावर डोळे मिटून कापड नेत होती. मग त्यांनी मांडीवरल्या लेकीकडे पाहिले.

"मासा मी पाहिलाच नाही," ते म्हणाले. "दोरी ताणली आणि तुटली. खाली खडक असेल, ओंडका असेल. मला ठाऊक नाही."

मागून एक जण पुटपुटला, "मग त्यांचं कापडही मोजून बघायला हवं." शेटजींनी ते ऐकले आणि मान खाली घातली. तेवढ्यात मथू कुशीत शिरत म्हणाली, "बाबा, थंडी वाजतेय मला." इतका वेळ तिला थंडी वाजतही नव्हती. शेटजी हमसून हमसून रडले.

परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, हा रोग कोणता?"

"पुढ्यातलं कापड मोजलं की माप चोख येतं," वैद्यबुवा म्हणाले. "जे हाती आलंच नाही, त्याचं माप द्यायला माणूस कापड कुठून आणणार? तो स्वतःतलंच फाडून देतो. स्वतःतलं संपलं, की जवळ जे उभं असेल त्याला कात्री लावतो. आणि जवळ आपलीच माणसं उभी असतात. माझेही हात उठायला बघतात रे, या वयात. म्हणून काखेत धरतो."

"पण डोहात होतं तरी काय?"

वैद्यबुवांनी डोहाच्या बाजूला पाहिले आणि पावले उचलली. "ते डोहाला ठाऊक. चल लवकर."

पुढे शिष्य एकदा पंचा घ्यायला दुकानात गेला. शेटजींची डावी बाही कोरडी होती. ते आता स्वतःच गिऱ्हाईकाच्या हातात गज देत आणि म्हणत, मोजून घ्या. एक थट्टेखोर गिऱ्हाईक म्हणाले, "ते राहू द्या हो. खरं सांगा, काहीतरी दिसलं असेलच की. केवढा होता?"

शेटजींचा डावा हात आपोआप उठू लागला. उजव्या हाताने त्यांनी तो धरला आणि कापडाच्या तागावर दाबून ठेवला.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

शिष्याने पंचा घेतला आणि तो बाहेर पडला. काही औषधे एकदा घेऊन भागत नाही, जन्मभर घ्यावी लागतात, हे त्याला गुरुजींनी शिकवायचे राहिले होते. ते तो आज शिकला.