सदोबा कॉम्प्युटर पुसतो

आडबोरी नावाच्या गावात एक भोळा शिपाई होता. सदोबा त्याचं नाव. गावच्या सार्वजनिक वाचनालयात तो झाडलोट करी, वर्तमानपत्रं लावून ठेवी, आणि सांगितलेलं काम अगदी सांगितलं तसंच करी. लोकांची तक्रार असलीच तर तेवढीच होती.

एकदा या वाचनालयाला तीन कॉम्प्युटर मिळाले. ग्रंथपाल कुमुदताईंनी त्यासाठी दोन वर्षं अर्ज केले होते. आता गावातल्या मुलामुलींना परीक्षेचा फॉर्म भरायला तालुक्याला जावं लागत नव्हतं. पण मंजुरीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. सहा महिन्यांनी साहेब तपासणीला येतील, आणि कॉम्प्युटर स्वच्छ राखलेले नसले तर ते शेजारच्या धामणढावच्या वाचनालयाला देण्यात येतील. ती ओळ वाचल्यापासून ताईंची झोप उडाली होती. कुणी दार जरा जोरात लावलं तरी त्या दचकत.

त्यांनी सदोबाला सांगितलं, तिन्ही कॉम्प्युटर रोज पुसायचे. सदोबाने बादली भरली, फिनेल ओतलं आणि फरशीचं पोतेरं त्यात बुडवलं. ते तो पहिल्या कीबोर्डवर पिळणार, तोच ताई आल्या. त्यांनी पोतेरं काढून घेतलं आणि थोडा वेळ भिंतीला टेकून नुसता श्वास घेतला.

"सदोबा, या खोलीत पाण्याचा थेंब आणायचा नाही. काहीही झालं तरी कोरडं फडकं."

"बरं ताई."

दुसऱ्याच दिवशी निवृत्त तलाठी बाबूराव पेन्शनचं काही बघायला भर उन्हातून आले, आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीतच घेरी येऊन कलंडले. डोळे मिटलेले, ओठ तेवढे पाणी पाणी म्हणत होते. माठ दाराबाहेरच होता. सदोबाने खिशातून कोरडं फडकं काढून त्यांचं तोंड पुसलं. बाबूरावांनी पुन्हा पाणी मागितलं. सदोबाने पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्याने चष्माही पुसून दिला.

शेवटी ताई तांब्या घेऊन धावत आल्या. शुद्धीवर आल्यावर बाबूराव सदोबाला जे बोलले, ते वाचनालयात बोलण्यासारखं नव्हतं.

"अहो, कुणी असं निपचित पडलं, हाकेला ओ देईना, की तोंडावर पाणी मारावं," ताई म्हणाल्या. "कांदा फोडून नाकाशी धरावा. तेव्हा विचार करत बसू नये."

"बरं ताई."

आता कॉम्प्युटर बराच वेळ तसाच राहिला की त्याचा पडदा आपोआप काळा होतो. सदोबाने हे कधी पाहिलं नव्हतं. तीन दिवसांनी दुपारी मधला कॉम्प्युटर असा निपचित पडला. सदोबाने दोन हाका मारल्या. मग विचार न करता तांब्याभर पाणी मारलं. तरी उठेना, तेव्हा कांदा फोडला.

ताईंना आधी वास आला, मग ओघळ दिसला. त्यांनी तारा काढल्या, कीबोर्ड पालथा घातला, आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसं त्याच्या पाठीवर थोपटत रडत बसल्या. चार दिवस तो खिडकीत वाळला. नशीब, की चालू झाला. कांद्याचा वास मात्र महिने लोटले तरी जाईना.

"सदोबा, हात जोडते," तपासणीच्या आदल्या दिवशी ताई म्हणाल्या. "आता स्वतःच्या डोक्याने काही करू नका. उद्या साहेब येतायत. त्यांच्या तोंडून जे निघेल तेच करायचं. तंतोतंत."

"बरं ताई."

साहेब आले. कॉम्प्युटर लखलखत होते. कीबोर्डच्या फटीत कण नव्हता. साहेबांनी कांद्याचा वास घेऊन आज जेवणात काय आहे, तेवढं विचारलं. सरपंचांनी नारळ आणि कुंकू आणलं होतं, आपल्याकडे कुठलंही यंत्र त्याशिवाय यंत्र वाटत नाही. साहेबांनी ओल्या बोटाने तिन्ही पडद्यांच्या मधोमध ठसठशीत कुंकू लावलं, नारळ फोडला आणि शेरेबुकात 'अत्युत्तम' असं लिहिलं. निघताना उंबऱ्यात थांबून ते सदोबाला म्हणाले, "असंच ठेवायचं बरं का. एका पडद्यावर जरी डाग दिसला, तर त्याच दिवशी कॉम्प्युटर धामणढावला."

"बरं साहेब," सदोबा म्हणाला, आणि वळून पडद्यांकडे बघत राहिला.

त्या रात्री ताई सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपल्या. सकाळी वाचनालयात आल्या तर तिन्ही टेबलं रिकामी. सदोबा दारात बसला होता. त्याच्या हातात धामणढावच्या वाचनालयाची शिक्क्यासह पोच होती, आणि मांडीवर त्यांनी मानाने दिलेला नारळ.

"टेम्पो मिळायला उशीर झाला ताई," तो म्हणाला, "पण त्याच दिवशी पोचवले."

"अहो," ताई कशाबशा म्हणाल्या, "डाग होता, तर पुसायचा ना."

सदोबाला जरा वाईटच वाटलं.

"पुसूनच दिले की ताई. कोरड्या फडक्याने. दुसऱ्या गावाला घाणेरडे कसे देणार?"